कॅनडाला निघालाय? आधी तो अर्धा तास समजून घ्या

परवा ओळखीतली दोन पोरं घरी आलती, प्रश्न एकच, मास्टर्सला कॅनडात जायचंय तर कुठं जाऊ. मी दोन वर्षं सेंट जॉन्सला मेमोरियल युनिव्हर्सिटीत काढली, मग नोकरीला दीड वर्ष व्हँकुव्हर, आणि आता कोल्हापुरात राजारामपुरीत घरी बसून रिमोट काम करतोय, म्हणून जे त्यांना सांगितलं तेच इथं टाइप करतोय.

पहिलं म्हणजे कॅनडा हे एक गाव नव्हे भावांनो. सेंट जॉन्स पार पूर्वेच्या टोकाला न्यूफाउंडलंड बेटावर, तिथनं लंडन जवळ पडतं आणि पश्चिम किनाऱ्यावरचं व्हँकुव्हर लांब. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळात साडेचार तासाचा फरक. हो, साडेचार, कारण न्यूफाउंडलंडचं घड्याळ पण आपल्यासारखं अर्ध्या तासावर अडकलंय, थंडीत जीएमटीच्या (लंडनजवळच्या ग्रिनिचच्या वेळेच्या) साडेतीन तास मागं. आपण साडेपाच पुढं, म्हणजे थंडीत फरक बरोबर नऊ तास, मिनिटकाटा तोच! आईला हे लय आवडलेलं. स्वयंपाकघरातल्या घड्याळात बघायची, तासात तीन मिळवायची आणि फोन लावायची. इथं संध्याकाळचे सव्वासात, तिथं सकाळचे सव्वादहा. व्हँकुव्हरला गेल्यावर थंडीत साडेतेरा तास झाले आणि तिनं हिशेबच सोडला, थेट "जेवलास काय?" विचारायची, मग मी तिकडं पहाटे पाचला उठून डोळे चोळत का बसलेला असेना.

आता माझा घोळ. ॲडमिशनसाठी एका प्रोफेसरांशी ऑनलाइन बोलायचं होतं, त्यांचे सकाळचे साडेदहा. मी नऊ मिळवले, आपले संध्याकाळचे साडेसात, निवांत रंकाळ्यावर भेळ खाऊन घरी आलो, लॅपटॉप उघडला तर सर येऊन, वाट बघून, गेलेले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सेंट जॉन्सला घड्याळ एक तास पुढं करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं, हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे उन्हाळ्यात फरक आठच तास. माफीचा मेल टाकला, दुसरी वेळ मिळाली, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हा वेळ डोक्यात मोजू नका, फोनच्या वर्ल्ड क्लॉकमध्ये शहराचं नाव टाका.

माणसांचं म्हणाल तर सेंट जॉन्स म्हणजे थंडीतलं कोल्हापूर. आपण कसं ओळख नसली तरी "काय भावा" म्हणतो, तसं ते "बाय" म्हणतात, बॉयचं तिकडचं रूप. "व्हॅड्या ॲट?" म्हणजे काय चाललंय, आणि त्याचं उत्तर "धिस इज इट, बाय", चाललंय आपलं असं. पहिल्याच आठवड्यात दुकानातल्या बाईनं मला "माय लव्ह" म्हटलं आणि मी उगाच लाजलो, नंतर कळलं सगळ्यांनाच म्हणते. माझ्या पुढच्या आजोबांनी तर काउंटरवर १९९२ ला कॉड मासेमारी बंद झाली तेव्हाचं सगळं सांगितलं, मागं रांग लागलेली तरी कुणी कुरकुर केली नाही. वारा मात्र असला की छत्री घेऊन जायचा नाद करू नका, जॅकेट घ्या. धुकं पन्हाळ्याच्या पावसाळ्यातल्यासारखं, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, जून-जुलैतपण येतं.

व्हँकुव्हरची माणसं वाईट नाहीत, मदत करतात, सॉरी म्हणतात, पण शेजाऱ्याचं नाव मला सहा महिन्यांनी कळलं. थंडीभर पाऊस, आपल्या गगनबावड्यासारखा कोसळत नाही, नुसता रिपरिप. घरभाडं अंगावर येतं. पण आयटी, गेमिंग, फिल्मची कामं तिकडंच जास्त, सेंट जॉन्सला समुद्र नाहीतर तेल यातलं शिकला असाल तर बरं.

माझ्या टीममध्ये आता दोन्ही टोकांची माणसं आहेत. उन्हाळ्यात व्हँकुव्हरचे सकाळचे दहा म्हणजे सेंट जॉन्सचे दुपारचे अडीच आणि माझे रात्रीचे साडेदहा. व्हँकुव्हरवाले बरोबर वेळेवर कामाचं सुरू करतात, सेंट जॉन्सवाला आधी विचारतो, "आई काय म्हणते, झोपली का?"