ठाण्यात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी : भंडारदऱ्याच्या काठावरची पहिली रात्र

लातूरहून ठाण्यात येऊन मला आता एकवीस वर्षे झाली. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत मराठवाड्यातून आणि विदर्भातून नवी कुटुंबे राहायला येतात, आणि दिवाळी झाली की मुलांना घेऊन तंबूत राहायला कुठे जावे, हे ती हमखास विचारतात. परदेशातील डोंगरातली तळी आणि तिथे ट्राउट पकडणारी मुले मोबाइलवर पाहून आपल्या मुलांनीही तसाच हट्ट धरलेला असतो. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे. इंग्रजांनी तो काश्मीर आणि हिमाचलच्या नद्यांत आणून सोडला, सह्याद्रीतील जलाशयांत मात्र तो सापडत नाही, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे. डोंगर, निवांत पाणी आणि ताऱ्यांनी भरलेले आकाश मात्र ठाण्यापासून साधारण दीडशे किलोमीटरवर भंडारदऱ्याला आहे.

नवी मुंबईकरांना पवना धरण जवळ पडते, परंतु शनिवारी रात्री तिथे अनेक ठिकाणी उशिरापर्यंत स्पीकर वाजतात आणि लहान मुलांची झोप होत नाही. भंडारदऱ्याला प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाच्या वरच्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडी आहे. धरणाजवळच्या शेंडी गावापेक्षा हा काठ शांत असल्याने मी नव्या कुटुंबांना तिकडेच पाठवते. गावकरीच तंबू आणि पिठले-भाकरीचे जेवण देतात. पैसे ठरवण्यापूर्वी शौचालय किती अंतरावर आहे आणि तिथे रात्री दिवा असतो का, हे स्पष्ट विचारावे. हा परिसर अभयारण्याचा असल्याने शेकोटी यजमान सांगतील तिथेच पेटवावी.

पाण्याविषयी मात्र मी कळकळीने सांगते. गावच्या तळ्याचा काठ हळूहळू उतरतो. धरणाच्या पाण्याखाली मात्र शेते, बांध आणि ओढे बुडालेले असतात, त्यामुळे गुडघाभर पाण्यानंतरचे पुढचे पाऊल थेट खोलात जाऊ शकते. आमच्या पहिल्याच सहलीत माझा नऊ वर्षांचा भाचा असाच चिखलात पाय रुतून गळ्यापर्यंत गेला, आणि काठावर जाळे आवरत बसलेल्या एका काकांनी त्याला ओढून काढले. तेव्हापासून आमच्याबरोबरची मुले पाण्यात उतरत नाहीत, होडीत लाइफ जॅकेटशिवाय बसत नाहीत, आणि अंधार पडल्यावर काठाकडे एकटे कोणीच जात नाही. गळ टाकायची हौस असेल तर आधी गावात विचारावे, कारण धरणातील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार संस्थांकडे असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ठाण्यात थंडी अशी जाणवतच नाही, म्हणून गावाहून आणलेले स्वेटर माळ्यावर पडलेले असतात. ते आठवणीने काढावेत, कारण पहाटे तंबू दवाने ओला होतो आणि मुले कुडकुडतात. कानटोपी, जाड चादर, प्रत्येकाला वेगळी बॅटरी आणि नेहमीची औषधे जवळ ठेवावीत. मे अखेरीपासून काजवे पाहायला जी गर्दी होते, तीत तान्ह्या मुलांना नेऊ नये.

स्वतःची गाडी नसेल तर कसारा लोकलने जाऊन पुढची जीप आदल्या दिवशीच ठरवावी. गाडीने जाणाऱ्यांनी कसारा घाट, इगतपुरी, घोटी असा रस्ता धरावा आणि परतताना रविवारी सकाळी दहापूर्वी निघावे. दुपारनंतर भिवंडी वळणरस्त्यावर वाहने तुंबतात आणि सोमवारच्या शाळेआधी मुलांना पुरेशी झोप मिळत नाही.