उजवीकडचं देऊळ

टोकियोतल्या निशी-कासाईत नवीन आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचं पहिल्या वर्षात असंच होतं: बोलणं पुढे पळतं, वाचणं मागे राहतं. जपानी वाक्य आपल्याला परकं वाटत नाही. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे, आणि आपल्या ‘ना?’च्या जागी त्यांचं ‘ने?’. म्हणूनच कांजीपाशी, म्हणजे जपानीतल्या चित्रासारख्या अक्षरांपाशी, अडलं की जास्त चडफड होते.

मीही चडफडले. ॲन्की हे उजळणीच्या कार्डांचं ॲप: आठवलेलं कार्ड ते काही दिवसांनी पुन्हा विचारतं. ते मुळात रोज २० नवी कार्डं देतं. मी ४० केली, वर उजळणीची मर्यादाही काढून टाकली. गणपतीला दहा दिवस पुण्याला जाऊन आले, तर हजारावर कार्डं दारात उभी! रागाने ॲप काढूनच टाकलं. तुम्ही तसं करू नका. ढीग साचला तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि तोझाई लाइनच्या मेट्रोत ओतेमाची स्टेशन येईपर्यंत जमतील तेवढी जुनी उपसा. एरवी रोज पाच नवी पुरे. इथली पोरं सहा वर्षांत १०२६ कांजी शिकतात, पहिलीत तर फक्त ८०. रोजच्या वापराच्या २१३६ तुम्हाला दिवाळीपर्यंत कशाला हव्यात?

आणि न आठवलेल्या कार्डाला ‘आलं’ म्हणू नका. ते महिनाभर गायब होतं आणि परततं तेव्हा ओळखही देत नाही.

शाकाहारी असाल तर क्रम मोडा. ‘निकु’, ‘बुता’, ‘तोरी’, ‘साकाना’ म्हणजे मांस, डुक्कर, कोंबडी, मासा यांची कार्डं आधी स्वतः बनवा. पाकिटामागचं वाचता आलं की कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, निम्मी धास्ती जाते.

एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की ॲन्की त्याला ‘लीच’ ठरवतं. लीच म्हणजे जळू! ते घोकत बसू नका, कागदावर फोडा. माझी जळू होती ‘मात्सु’, म्हणजे वाट पाहणे. ‘मोत्सु’शी, म्हणजे हातात धरण्याशी, सारखी गल्लत व्हायची, कारण दोन्हींत उजवीकडे ‘तेरा’, देऊळ. मग डावी बाजू नीट पाहिली. देवळाशेजारी सूर्य आला तर वेळ, माणूस आला तर सामुराई, शब्द आले तर कविता, हात आला तर धरणे. आणि चालण्याची खूण आली तर वाट पाहणे. रस्ता, पुढे देऊळ: ही तर दर्शनाची रांग!

त्या दिवसापासून ‘मात्सु’ चुकलेलं नाही. ‘मोत्सु’ अजून चुकतं.