आधी झबलं वर करा

आशा म्हणून नव्याने रुजू झालेल्या, त्यातही गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यातल्या ताईंसाठी हे लिहितेय. मलेरिया तपासायला रक्ताचा थेंब कसा घ्यायचा, किट कसं लावायचं हे प्रशिक्षणात झालंच असेल. वर्षाच्या आतल्या बाळाला गोळ्यांचं गुलाबी पाकीट, एक ते चार वर्षांना पिवळं, हे मीही पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं. मला नडलं ते वेगळंच, आणि त्यापायी एका लेकराचा जीव टांगणीला लागला.

माझं तिसरं वर्ष होतं. सप्टेंबर महिना, धान निसवायला लागलेलं, रात्री घरातली माणसं शेतात माळ्यावर राखणीला. दीड वर्षाच्या एका मुलीला ताप आला. किटवर फॅल्सीपेरमची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या मलेरियाची, ठळक रेघ. मी पिवळं पाकीट काढलं. तीन दिवस रोज घरी जाऊन डोळ्यांदेखत गोळी दिली, दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन ही मलेरियाचीच दुसरी गोळी दिली. चौथ्या दिवशी पोर अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. घरी परत येताना मला केवढं भरून आलं होतं.

सोळाव्या दिवशी तिला पुन्हा ताप. मी पुन्हा किट लावलं आणि पुन्हा तीच रेघ. आई म्हणाली, "ताई, कालपासून अंगावर नीट पीत नाही." मी म्हटलं, "तापानं असेल." मच्छरदाणी लावत नाही म्हणून तिलाच चार शब्द सुनावले, दुसरं पिवळं पाकीट उघडलं, पहिला डोस पाजला आणि पुढच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बापाने मला बोलवायला माणूस पाठवला. गेले तर प्रत्येक श्वासाला पोरीच्या बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जात होता. नाल्याला पूर. चौघांनी खाटेवर घालून तिला पलीकडे नेलं, तिथून पुढे गाडी. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "काल श्वास मोजला होता का?" मोजला नव्हता. न्यूमोनिया निघाला. रक्ताच्या स्लाइडमध्ये, म्हणजे काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्यात, मलेरियाचा एकही जंतू नव्हता. पोर सहा दिवस रुग्णालयात राहिली, आणि वाचली.

आता नीट वाचा, कारण हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आपलं किट जंतू बघत नाही. फॅल्सीपेरमचा जंतू रक्तात एक प्रथिन सोडतो, ते प्रथिन किट पकडतं. गोळ्यांनी जंतू मरतो, पण ते प्रथिन रक्तात मागे राहतं. दोन-तीन आठवडे, कधी महिन्याहूनही जास्त. म्हणजे लेकरू मलेरियातून पूर्ण बरं झालेलं असतं, तरी किट लावलं की रेघ येते. ती रेघ मागच्या आजाराची असते, आजच्या तापाचं कारण ती सांगत नाही. उपचार होऊन महिना झाला नसेल आणि पुन्हा ताप आला, तर किटवर निर्णय घेऊ नका. स्लाइड काढा आणि लेकराला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, पाठवा. स्लाइडचा निकाल यायला दिवस जातात, तोवर ते लेकरू घरी ठेवून बसू नका.

माझी खरी चूक मात्र किटच्याही आधीची होती. रेघ दिसली आणि मी लेकराकडे बघायचं थांबले. पहिल्यांदाच मलेरिया झालेल्या लेकरालाही त्याच वेळी न्यूमोनिया असू शकतो. शिवाय मलेरिया गंभीर झाला की त्यानेही धाप लागते. दोन्ही वेळा करायचं एकच, तातडीने पुढे पाठवायचं. पण त्यासाठी धाप दिसायला हवी, आणि झबल्याखाली ती दिसत नाही.

म्हणून माझी पद्धत सांगते. किटवर थेंब टाकला की किटच्या वेष्टनावर लिहिलेला वेळ थांबावंच लागतं, साधारण पंधरा-वीस मिनिटं. ती मिनिटं रजिस्टर भरण्यात घालवू नका. किट सपाट जागी ठेवा, लेकराला आईच्या मांडीवर द्या, झबलं वर करा आणि घड्याळ लावून पोटाची हालचाल मोजा. पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या ताया मी पाहिल्यात. लहान बाळ एका लयीत श्वास घेत नाही, त्यामुळे तो आकडा फसवतो. रडत असेल किंवा दूध पीत असेल तर शांत होईपर्यंत थांबा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. त्या दिवशी मी मोजला असता तर रात्र वाया गेली नसती.

झटका येऊन गेला, लेकरू सुस्त पडलंय, काहीच पीत नाही, जे देऊ ते उलटून टाकतंय, तळहात पांढरे पडलेत, यातलं एकही दिसलं तर उपचार घरी करायचा नाही. पुजाऱ्याकडे, म्हणजे गावात झाडफूक करणाऱ्याकडे, आधी नेलं म्हणून आईवर रागावू नका. पुजाऱ्याशीच बोलून ठेवा. आमच्या गावचा पुजारी आता तापाचं लेकरू स्वतःहून माझ्याकडे पाठवतो, आणि यासाठी मला दोन पावसाळे त्याच्या ओट्यावर बसावं लागलं.

हे सगळं वाचून घाबरू नका. आपल्यासारख्या बायकांना हे जमतं, याचा पुरावा आहे. इथिओपियातल्या तिग्रे भागात गावातल्या आयांनाच लेकरांच्या तापावर घरच्या घरी औषध द्यायला शिकवलं, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू चाळीस टक्क्यांनी घटले. तो अभ्यास २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आणि श्वास मोजणं तर आपल्याच जिल्ह्यातलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने इथल्या गावातले कार्यकर्ते आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं होतं, ते काम १९९० साली त्याच नियतकालिकात छापून आलं. त्या सुईणींमध्ये अक्षरओळख नसलेल्याही होत्या. तुम्ही तर शाळा शिकलात.

गोळ्यांबद्दल एकच सांगते. पाकीट आईच्या हातात देऊन निघू नका. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या मोठ्या भावासाठी फळीवर जातात. पाकिटातली आर्टेसुनेटची गोळी चमच्यात चुरून पाण्यातून द्या, आणि पहिल्या डोसनंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा. उलटी झाली तर थोडं थांबून नव्या पाकिटातून पहिला डोस पुन्हा द्या. तोही उलटला तर गंभीर समजून लगेच पाठवा. पूर्ण उपचाराचे पैसे मिळतात म्हणून न जाता तीन भेटी लिहिणाऱ्या ताया मला भेटल्यात. मी त्यांना तोंडावर सांगते की हे पाप आहे.

शिकायचं असेल तर तालुक्याच्या बैठकीपेक्षा एखाद्या जुन्या एमपीडब्ल्यूसोबत, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यासोबत, चार दिवस फिरा. मला मोजायला ज्यांनी खरं शिकवलं ते निवृत्तीला आले होते. नाला ओलांडताना ते चपला हातात घेत आणि पलीकडे पोचेपर्यंत मागच्या घरातल्या लेकराबद्दल मला प्रश्न विचारत. किटचा फोटो ग्रुपवर टाकून "काय देऊ?" विचारणं हे शिकणं नव्हे. फोटोत श्वास दिसत नाही.

आता मी उपचार पूर्ण झाला की लेकराच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल पेनाने तारीख घालते, महिन्यानंतरची, आणि पुढे लिहिते: "या तारखेपर्यंत किट नको, स्लाइड काढा, श्वास मोजा." रजिस्टर माझ्याकडे राहतं, पण लेकरू मामाच्या गावी जातं आणि तिथे ताप आला तर तिथल्या आशाला काय माहीत? कार्ड आईच्या पिशवीत असतं.