तारांवर तरंगणारा टीपॉय

या टीपॉयच्या वरच्या फळीला पाय नाहीत, तरी तिच्यावर पुस्तकं राहतात. बघणाऱ्याचं लक्ष बाहेरच्या तीन तारांकडे जातं, पण सगळं वजन पेलते ती मधली बोटभर तार. वरची फळी तिला चक्क टांगलेली असते. बाहेरच्या तारा फक्त तिला कलंडू देत नाहीत. अमेरिकन शिल्पकार केनेथ स्नेल्सनने १९४८ मध्ये अशा ताणावरच्या रचना करायला घेतल्या, त्यांच्यासाठीचा ‘टेन्सेग्रिटी’ हा शब्द मात्र त्याचा शिक्षक बकमिन्स्टर फुलरचा. स्नेल्सनचा १९६८चा ‘नीडल टॉवर’ हा शिल्प-मनोरा वॉशिंग्टनच्या हिर्शहॉर्न संग्रहालयाबाहेर उभा आहे. त्यापुढे आपला टीपॉय म्हणजे पोरखेळ, पण तत्त्व तेच.

१८ मिमी प्लायवूडच्या ४०० मिमी व्यासाच्या दोन गोल फळ्या कापा. त्याच प्लायचे काटकोनी चार तुकडे काढा: उभा भाग २७५ मिमी, आडवा हात १६० मिमी, रुंदी सगळीकडे ५० मिमी. आतला कोपरा टोकदार ठेवू नका, गोलवा. तडा तिथूनच जातो. दोन-दोन तुकडे चिकटवले की ३६ मिमी जाडीचे दोन खांब तयार होतात. साधं लाकूड इथे नको, आडवा हात रेषेवर चिरतो.

मधल्या तारेचं भोक आडव्या हातातून उभं जातं, खांबाच्या बाहेरच्या कडेपासून १४५ मिमीवर. ५० मिमी खोल भोक ड्रिलने सरळ पडत नाही. म्हणून चिकटवण्याआधीच दोन्ही तुकड्यांच्या आतल्या अंगावर उथळ खाच पाडा, तिच्यात तेल लावलेला बारीक लांब खिळा ठेवून गोंद लावा आणि गोंद धरायला लागला की खिळा ओढून काढा.

बाहेरच्या तारांची भोकं दोन्ही फळ्या आतल्या बाजू समोरासमोर ठेवून एकदमच पाडा: मध्यापासून १८० मिमीवर, १२० अंशांच्या अंतराने. तीनच. चौथी तार घेतली की एक ना एक कायम सैल राहते. एका भोकाजवळ दोन्ही फळ्यांवर खूण करा. एका फळीवर खांब खुणेच्या बाजूला बसवा, दुसरीवर खुणेच्या बरोबर समोर. गोंद लावा आणि फळीच्या मागून ७० मिमीचे दोन स्क्रू, आधी ३ मिमीचं भोक पाडून, प्रत्येक थरात एक. त्यातला एक बाहेरच्या कडेजवळ हवा, कारण ताणाने सांधा तिकडूनच उघडतो. स्क्रू आवळण्याआधी भोकातून ओळंबा सोडून बघा. त्याचं टोक फळीच्या मध्यबिंदूवरच यायला हवं. तीन-चार मिमीची चूकही पुढे तारा कितीही आवळल्या तरी सुटत नाही, टीपॉय तिरकाच दिसतो.

आता जोडणी. एक फळी उलटी करून वर धरा, तिच्या खांबाचा हात खालच्या खांबाच्या हाताखाली येऊ द्या आणि फळ्यांच्या मध्ये ४०० मिमीचे ठोकळे उभे करा. मधली तार २ मिमीची, पोलादी, दोन्ही टोकांना वॉशर आणि स्लीव्ह (तारेवर दाबून बसवायची धातूची नळी). दोन हातांमधलं अंतर ५० मिमी येतं. बाहेरच्या तारा दीड मिमीच्या, प्रत्येकीला खाली टर्नबकल (फिरवून तार ताणायचा आटेदार जोड). स्लीव्ह साध्या पकडीने दाबली तर तार सरकते, ती दाबायची खास पक्कडच वापरा. नायलॉनची दोरी तर नकोच, ती ताणत जाते आणि फळी हळूहळू खाली बसते.

ठोकळे काढा आणि टर्नबकल आळीपाळीने पाव-पाव फेरा फिरवा. प्रत्येक तारेला टिचकी मारा. तिन्हींचा सूर एक आला की ताण सारखा. जिचा सूर खाली, ती सैल.

वर हात ठेवून फळी फिरवली तर ती थोडी पिळवटते. हा दोष नाही, उभ्या तारा पिळाला फारसा विरोध करत नाहीत. कडेच्या वजनाला मात्र जपा. एका तारेच्या डोक्यावर ५ किलो ठेवले की समोरच्या दोन तारा मिळून १० किलोंनी ओढतात आणि मधल्या तारेवर १५ किलोंची भर पडते. म्हणून जड वस्तू मध्यावर ठेवा. आठवड्याभराने पुन्हा टिचकी मारून बघा, तारा थोड्या बसलेल्या असतात.