डायलिसिसवर असताना पायांना मुंग्या येतात? या चुका टाळा

किडनी निकामी होत आली की पायांच्या नसाही खराब होऊ लागतात. सुरुवात बोटांपासून होते आणि दोन्ही पायांत सारखीच: मुंग्या, जळजळ, रात्री पाय हलवत राहावेसे वाटणं, चप्पल निसटली तरी न कळणं. डायलिसिसवरच्या बहुतेकांना हा त्रास थोडाफार असतोच. घरचे मात्र ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देतात, किंवा सगळं खापर शुगरवर फोडतात. शुगर नसलेल्यांनाही हे होतं.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक म्हणजे शेजारच्या काकूंना लागू पडलेली ‘नसांची गोळी’ आपल्या माणसाला देणं. व्हिटॅमिनचीच तर आहे, असं वाटतं. स्ट्रिप उलटी करून वाचा. मिथाइलकोबालामिनच्या (म्हणजे बी-१२ व्हिटॅमिनच्या) जोडीला बारीक अक्षरांत ‘प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅम’ लिहिलेलं असू शकतं. प्रीगाबालिन आणि गाबापेन्टिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं, ती शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनीचं. किडनी चालत नसेल तर औषध अंगात साचतं: माणूस दिवसभर झोपेत, बोलणं अडखळतं, हातातला चहाचा कप झटक्याने सांडतो, बाथरूमला जाताना पडतो. ही औषधं किडनीच्या रुग्णांनाही देतात, पण डोस बराच कमी असतो, आणि डायलिसिसच्या दिवशी सहसा डायलिसिस झाल्यावर. तो नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरनेच ठरवायचा. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनही परस्पर घेऊ नका. उरलीसुरली किडनी त्यानेच जाते.

दुसरी चूक, डायलिसिस बुडवणं. पाऊस झोडपतोय, ट्रान्स-हार्बर लोकल रखडलीये, ऐरोलीहून वाशीला जायचं कसं, हे सगळं कबूल. पण रक्तात साचणारी घाण आणि वाढलेलं पोटॅशियम नसांना मारक असतं. सेंटरला आधीच फोन करून वेळ बदलून घ्या. पोटॅशियमने भरलेलं नारळपाणी टाळा. स्टारफ्रूट (कमरख) तर एक फोडही नको. त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकत नाही; न थांबणारी उचकी, भ्रम, फिट असं काहीही होऊ शकतं. आणि पायांतली ताकद अचानक गेली, तर ती नेहमीची मुंगी समजू नका. पोटॅशियम चढलेलं असू शकतं, थेट कॅज्युअल्टी गाठा.

बधिर पायाला गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, कातडी भाजली तरी कळत नाही. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून बोटांच्या बेचक्या पाहा. पावसाळ्यात ओल्या चपलांनी तिथेच जखमा होतात.

हातांकडेही लक्ष असू द्या. अनेक वर्षं डायलिसिसवर असलेल्यांना रात्री अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दबलेली असू शकते. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडण्याचं ऑपरेशन) केल्यावर काही तासांतच तो हात खूप दुखू लागला, गार पडला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर ‘टाके ओले आहेत, दुखणारच’ म्हणत सकाळची वाट पाहू नका. ज्या सर्जननी फिस्टुला केला, त्यांना त्याच रात्री फोन करा.