कॅलेंडुलाची विरळणी आत्ताच उरका, भुरी यायच्या आधी

रात्री गार, दिवसा कोवळं ऊन, सकाळी पानांवर दव, असे दिवस सुरू झाले असतील तर हातातलं काम ठेवा आणि आधी कॅलेंडुलाच्या, म्हणजे त्या झेंडूसारख्या दिसणाऱ्या फुलांच्या, वाफ्यात जा. रोपं तीन-चार पानांवर आली की जास्तीची काढून टाकायची असतात आणि नेमकं तेच राहून जातं. बी दाट पडतं, सगळं उगवतं, एवढी छान रोपं उपटायला मन धजत नाही, मग सगळीच ठेवतात आणि ऐन फुलांच्या वेळी अख्खा वाफा भुरीने, म्हणजे पानांवर पिठासारख्या पसरणाऱ्या बुरशीने, पांढरा पडतो. असे किती वाफे जाताना बघितलेत, म्हणून दरवर्षी तेच सांगतो.

दोन रोपांत २५ ते ३० सेंमी अंतर हवंच. टेप नसेल तर माझं साधं माप, झाडं भरली की दोघांच्या मधून आडवा तळहात पानांना न घासता गेला पाहिजे. उपटताना शेजारची मुळं हलतात, त्यापेक्षा कात्रीने जमिनीलगत कापा.

भुरी सुरुवातीला वरून दिसत नाही. झाड वरून हिरवंगार असतं, पण फांद्या बाजूला करून खालची पानं बघा, पिठाची चिमूट पडल्यासारखे ठिपके असतात, अंगठ्याने पुसले की पीठ बोटाला लागतं आणि पिठाखाली पान फिकट पिवळं दिसतं. लोक विचारतात, मी पानांवर पाणी मारतच नाही तरी भुरी कशी आली? अहो, भुरीला पान ओलं लागत नाही, दाटीत कोंडलेली दमट हवा पुरते. दव आणि दुपारचं ऊन सलग तीन-चार दिवस राहिलं की आठवडाभरात ती दिसतेच, हा माझा अंदाज आहे आणि तो फारसा चुकत नाही.

आली असेल तर खराब पानं काढून बागेबाहेर टाका, दाटी कमी करा आणि मग पाण्यात विरघळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, पण लेबल वाचूनच. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर नको, नाहीतर पानं करपतात. निंबोळी तेल मारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या. दुकानात महागडी मिक्स बाटली आणि सोबत टॉनिक गळ्यात मारतील, घेऊ नका, टॉनिकातल्या नत्राने (नायट्रोजनने) लुसलुशीत पाला फुटतो आणि भुरीला तेच हवं असतं. दाट वाफ्यात कितीही भारी औषध मारा, आतल्या पानापर्यंत पोचतच नाही.

गोल तपकिरी ठिपके वाढत जाऊन पान वाळत असेल तर तो करपा. यात मात्र ओलं पानच कारण, त्यामुळे पाणी सकाळी आणि बुडाशीच. मॅन्कोझेब (बुरशीनाशक) ७५ टक्के, लिटरला २ ते २.५ ग्रॅम, फवारा.

बाकीचं थोडक्यात:
- रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात: पाणी कमी करा, कॉपर ऑक्सिक्लोराईड (हेही बुरशीनाशक) लिटरला २.५ ग्रॅम, आळवणी, म्हणजे बुडाशी मातीत ओता.
- खोडावर पांढरा कापूस, आत उंदराच्या लेंडीसारखे काळे दाणे: झाड मुळासकट काढा, ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, तिथे लगेच परत कॅलेंडुला नको.
- फुलं हिरवीच, पाला पिवळट, झाड खुजं: तुडतुड्यांनी आणलेला रोग, औषध नाही, उपटा.
- पानांवर चट्टेपट्टे, पानं वेडीवाकडी: मोझॅक, मावा आवरा, झाड काढा.
- सुकलेली फुलं रोज खुडा.
- बी १ सेंमी खोल.

पाकळ्या चहाला किंवा मलमाला वापरणार असाल तर त्या वाफ्यावर रासायनिक औषध मारूच नका. तिथे हाताशी फक्त अंतर उरतं, म्हणून तो वाफा सगळ्यात आधी विरळा, उद्यावर टाकू नका, आज संध्याकाळच्या आत कात्री घेऊन बसा.