मेळघाटाकडे सायकल काढताय? आधी हे वाचा

पयले तर व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव जंगलात, सायकल घालायची नाही, बाकी जंगलातल्या वाटेचंही वनविभागाच्या गेटवर विचारूनच जायचं. परतवाडा-चिखलदरा घाटात आठ दिवस दम तयार करा, मग पांदण रस्ते अन् नदीकाठ. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मे मधलं आपलं ऊन माहीतच आहे.

टायर रुंद घ्या, २.२ इंची तरी, अन् हवा २५-३० पीएसआय ठेवा. ट्यूबलेसमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) टाकाच कारण बाभळीचा काटा कोणालाच सोडत नाही बाप्पा, मी एकदा एका सकाळी तीन पंक्चर काढले.

उतारावर सागाचा पाचोळा दिसला की सावध, खाली दगड आहे का खड्डा काहीच कळत नाही, म्हणून स्पीड आधीच कमी करायचा, दोन्ही पेडल लेव्हलला, बूड सीटच्या मागे, अन् वळणात पुढचा ब्रेक दाबला तर तोंडावरच पडाल. सिपनासारख्या नदीत पाणी घोट्याएवढं असेल तर हलका गिअर टाकून पेडल मारतच राहा, शेवाळाचे दगड दिसले तर गुपचूप उतरून सायकल ढकला, त्यात लाज कसली.

पाऊस पडला तर काळ्या मातीत जाऊच नका, चाकच फिरत नाही, तरी अडकलात तर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काडीनं खरडून काढा.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे अस्वलं तिथंच असतात, उजेड नीट पडल्यावरच निघा अन् घंटी वाजवत चला.